दोन्या सेल्मिराच्या खोलीची जमीन

विल्मार पिंतोसला घाणीची शिसारी होती आणि जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या घाणीतच हात घातले. लोकांना वाटतं, फरशीवाला म्हणजे नवी फरशी बसवणारा. नवी बसवायला कितीसा वेळ लागतो? खरं काम त्याच्या आधीचं. जुनं उकलायचं, खालची जमीन खरवडायची, उंचवटे फोडायचे, खळगे भरायचे, ओल बघायची. आमच्या पायसान्दू गावात घरं जुनी, आणि लोक असे की जुन्या जमिनीवर लिनोलियम, त्यावर गालिचा, त्यावर आणखी काहीतरी चिकटवत जातात. खालचं कोणी काढत नाही.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझी वाळू-सिमेंटची वखार आहे. विल्मार वीसेक वर्षं माझ्याकडून माल नेत होता, आणि माल भरेपर्यंत गल्ल्यापाशी उभा राहून काय काय निघालं ते सांगायचा. सांगताना तोंड असं करायचा की आत्ताच कोणी त्याच्या जिभेवर ठेवलंय. नखं. केसांची गुंतवळं. झुरळांच्या अंड्यांची रिकामी टरफलं, मूठ मूठ. जुना गोंद काकवीसारखा पाघळून त्यात अडकलेल्या पिसवा. एका वकिलाच्या दिवाणखान्यात गालिच्याखाली मेलेली पाल सुकून कागदासारखी झाली होती, तिच्यावर आरामखुर्ची ठेवून वकील रोज पेपर वाचायचा. "वरून मेण लावलेलं असतं गं," विल्मार म्हणायचा, "आणि बाई मला म्हणते, बूट काढून या."

त्यामुळे ज्या घराची जमीन त्याने उकलली त्या घरात तो पाणीसुद्धा पीत नसे. आमच्याकडे येर्बाचा कडू चहा पेल्यासारख्या कोरलेल्या एकाच भोपळ्यातून, एकाच नळीने, सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचा असतो. नको म्हटलं की माणसं दुखावतात. विल्मार नको म्हणायचा. हत्यारांच्या पेटीत स्वतःचा भोपळा आणि नळी धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवायचा आणि अंगणात एकटा बसून प्यायचा. लोक त्याला डॉक्टरसाहेब म्हणत. एकदा कोणीतरी त्याच्या पेटीवर चुन्याने 'दवाखाना' असं लिहिलं होतं. तो ते पुसून कामाला लागला.

दुसऱ्याच्या हातचा भोपळा तो फक्त एका माणसाकडून घ्यायचा, सासूकडून. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात. दोन्या सेल्मिराने उभा जन्म नदीकाठच्या हॉटेलच्या चादरी इस्त्री केल्या होत्या. तिच्या घरी गेलं की स्टार्चचा आणि ऊन लागलेल्या कपड्यांचा वास यायचा. एप्रनवर कधी डाग नाही, नखात कधी मळ नाही. जावयाची आणि तिची चांगली गट्टी होती. दोघं मिळून बाकीच्या जगाला नावं ठेवत बसायची.

म्हातारीचं घर स्टेशनाच्या मागे. उंच दारांचं, जुनं. खाली तुळया, त्यांच्यावर पाइनच्या फळ्या, आणि फळ्यांखाली माणूस रांगत जाईल इतकी पोकळी. पोकळीत वारा खेळावा म्हणून रस्त्याकडच्या भिंतीत खाली लोखंडी जाळ्या. नवरा गेल्यावर तिचा मुलगा दार्दो बायको घेऊन तिथेच राहायला आला. स्टँडजवळ त्याचं लॉटरीच्या तिकिटांचं दुकान आहे. तोंडाने गोड, कामाला आळशी, आणि जे काही करायचं ते स्वस्तात उरकणारा. आल्या आल्या त्याने घराच्या मधोमध स्वतःसाठी नवीन संडास-बाथरूम बांधून घेतलं. म्हातारीला पुढची खोली दिली.

मग दोनेक वर्षांनी म्हातारीच्या खोलीत वास यायला लागला.

सुरुवातीला कोणी बोललं नाही. रविवारी शेजारच्या दोघी-तिघी तिच्याकडे पत्ते खेळायला यायच्या. एक यायची थांबली, मग दुसरी. दार्दोची बायको खोलीचं दार लावून घ्यायला लागली. दार्दो बहिणीला, एलिदाला, म्हणाला की वयच झालंय, आईला आता समजत नाही, कपड्यातच होतं. एलिदा म्हणजे विल्मारची बायको. ती शाळेतल्या पोरांचे गणवेशाचे पांढरे झगे शिवते. शिवणयंत्र सोडून ती आठवड्यातून तीनदा आईला आंघोळ घालायला जायला लागली. कपडे कोरडे असायचे, अंथरूण कोरडं असायचं, तरी वास असायचाच. डॉक्टरला काही सापडलं नाही. म्हातारी विचारायची, "अजून येतो का गं?" एलिदा म्हणायची, थोडासा. मग म्हातारी मुलगी गेल्यावर स्वतःच ब्लीचच्या पाण्याने अंग पुसायची. कोपरांची कातडी फाटून लाल झाली होती.

विल्मारही रविवारी जायचा. तो खिडकीजवळची खुर्ची घ्यायला लागला. एका रविवारी सासूने भोपळा पुढे केला आणि त्याने पोट बिघडलंय म्हणून हातानेच नको केलं. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या खेपेला म्हातारीने त्याला विचारलंच नाही. भोपळा त्याला वगळून एलिदाकडे दिला.

शेवटी दार्दोने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे गेल्यावर वास गेला. एलिदाला वाटलं, तिथल्या बाया रगडून आंघोळ घालत असतील. खोलीत मात्र वास राहिलाच. दार्दो म्हणाला, गालिच्यात मुरलाय. एक दातांचा डॉक्टर ती खोली भाड्याने घ्यायला तयार होता, म्हणून दार्दोने लाकडासारख्या दिसणाऱ्या नव्या पट्ट्या आणून ठेवल्या आणि विल्मारला निरोप पाठवला. गालिचा काढ, थोडं सपाट कर, पट्ट्या बसव. घरचंच काम आहे.

जुलैतली गोष्ट, म्हणजे आमच्याकडचा ऐन हिवाळा. थंडी, आणि चार दिवसांचं चिकट धुकं. विल्मारने खळगे भरायच्या मसाल्याची पोती मागवली होती. वखारीतला पोरगा आजारी असल्यामुळे टेम्पो मीच घेऊन गेले. फाटक उघडलं तर विल्मार अंगणात लिंबाच्या झाडाला धरून ओकत होता.

मी थांबले. त्याने नळाखाली तोंड धुतलं, मग पुन्हा उबळ आली.

"आत जाऊ नकोस," तो म्हणाला.

मी गेले. मला सांगितलेलं कधी ऐकता आलेलं नाही.

गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा होता, पाठीकडून काळा आणि ओला. त्याखालचं लिनोलियम त्याने पट्ट्या पट्ट्या कापून काढलं होतं. पलंग जिथे असायचा तिथे फळ्या नव्हत्याच. होता तो पुठ्ठ्यांचा थर, भिजून लगद्यासारखा झालेला, आणि त्याच्यावर आडवं ठेवलेलं स्वयंपाकघरातल्या कपाटाचं हिरवं दार, मुठीसकट. कोणीतरी फळ्या खचलेल्या बघून खड्डा असा झाकला होता आणि वर पलंग ठेवला होता. विल्मारने दार आणि पुठ्ठे एका बाजूने उचलून ठेवले होते. खाली पोकळी. पोकळीत माती दिसत नव्हती. दिसत होता तो राखाडी, सायीसारखा थर, वर बुडबुडे, त्यात तरंगणारे कागद, आणि कडेच्या तुळयांवर लोंबणारी पांढरी बुरशी, जाड, लोकरीसारखी. त्या थरावर लहान माश्या चालत होत्या. उडतही नव्हत्या, इतक्या सुस्तावलेल्या. वासाचं काय सांगू? तो नाकात येत नव्हता, घशात बसत होता. संध्याकाळी मी रस्सा केला आणि तसाच टाकून दिला.

संडासाचा पाइप या खोलीखालून रस्त्याच्या गटाराकडे जात होता. दार्दोने नवा प्लास्टिकचा पाइप जुन्या मातीच्या पाइपात खुपसून मधे चिंध्या आणि सिमेंट कोंबलं होतं. तो जोड सुटला होता. घरातल्यांनी जितक्या वेळा साखळी ओढली तितक्या वेळा ते सगळं म्हातारीच्या पलंगाखाली सांडत गेलं होतं. वर्षानुवर्षं.

मी बाहेर आले तेव्हा दार्दो दुकानातून आला होता. हातात पावाची पिशवी. त्याने आत डोकावून पाहिलं, नाकाला रुमाल लावला, आणि वैतागल्यासारखा बाहेर आला.

"दाजी, एवढं उकलायला कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला. "चुना टाक, वर प्लास्टिक अंथर, चार फळ्या ठोक. पट्ट्या बसल्या की कोण बघायला जातंय? एक तारखेला डॉक्टर खुर्ची घेऊन येतोय."

विल्मार लिंबाचं पान चोळून नाकाशी धरून उभा होता. तो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "रस्त्याकडच्या जाळ्या कोणी बुजवल्या?"

"मीच. समोरची बाई रोज कटकट करायची. फुटपाथवर वास येतो म्हणे."

"कधी?"

"झाली की तीन-चार वर्षं. आई होती तेव्हाच."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. पावाची पिशवी त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"म्हणजे वास कुठून येतो ते तुला ठाऊक होतं," विल्मार म्हणाला.

"पाइप थोडा सुटला होता, ते माहीत होतं. करायचं राहून गेलं. आणि आईलाही येतच असेल ना, दाजी. म्हातारं माणूस."

विल्मारने त्याच्या अंगावर हात टाकला नाही. टाकला असता तरी मी मधे पडले नसते. त्याने एवढंच केलं की खिशातून फोन काढला, एलिदाला लावला, आणि आहेस तशी ये म्हणाला.

ती गळ्यात मोजायची टेप तशीच घेऊन आली. विल्मारने तिला दारात थांबवायचा प्रयत्न केला, पण ती आत गेली आणि त्या खड्ड्याच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली. नाकाला हात लावला नाही. मग वाकून ते हिरवं दार पाहिलं. मुठीला हात लावला. लहानपणी त्या कपाटात साखर असायची, हे तिने मला नंतर सांगितलं.

"आईला मी म्हणायचे, थोडासा येतो," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तिला तेच सांगत होते."

मग ती भावाकडे वळली. "बादली घे."

"अगं, माणूस लावू की."

"बादली घे, दार्दो."

त्याने घेतली. बायकोचे धुण्याचे हातमोजे घालून तो खाली उतरला आणि पाच-सहा बादल्या वर दिल्या. तोंड तिसरीकडे, हात लांब. मग पाठ भरली म्हणून तो वर आला, आंघोळीला गेला, आणि त्या दिवशी परत दिसला नाही. पुढेही खड्ड्याकडे फिरकला नाही. दुकानात गर्दी होती म्हणे. दुपारच्या वेळी लॉटरीच्या दुकानात कसली गर्दी असते ते त्याचं त्यालाच माहीत.

उरलेलं विल्मारने काढलं. ज्याला परक्या घरातला पेला चालत नाही तो माणूस कमरेइतक्या खड्ड्यात उतरून खोऱ्याने ते भरत होता आणि एलिदा वरून ओढत होती. तोंडाला लिंबात भिजवलेलं फडकं. मधूनच तो वर यायचा, झाडाजवळ जाऊन ओकायचा, पुन्हा उतरायचा. मी म्हटलं, अरे, गटारसफाईची गाडी बोलाव. गाडी आली, वरचं पातळ ओढून घेऊन गेली. तळाचं आणि तुळयांना लागलेलं हातानेच काढावं लागलं. मी विचारलं, दार्दोचं घर, दार्दोचं भाडं, तू का मरतोयस? तो म्हणाला, "तिची खोली आहे." आणि मग, थोड्या वेळाने, "मला ते तसंच आहे हे माहीत असताना झोप नाही येणार गं. वासानेच."

सडलेल्या फळ्या आणि तुळया त्याने सगळ्या काढल्या. अंगणात ढीग घातला, तो जाळतानाही लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. पाइप मुळापासून काढून नवा टाकला, नीट उतार देऊन. खाली लाल माती लागेपर्यंत खणलं, चुना पसरला, रस्त्याकडच्या जाळ्या छिन्नीने फोडून मोकळ्या केल्या आणि दारं-खिडक्या उघडी टाकून खोली तशीच ठेवली. दातांचा डॉक्टर येऊन बघून गेला. दारातूनच. मग त्याने थांबतो असं सांगितलं.

खड्डा वाळल्यावर मी विटांचा रोडा नेऊन टाकला. विल्मारने तो थराथराने धुमसला. मग पारदर्शक नळीत पाणी भरून चारी भिंतींवर लेव्हलच्या खुणा केल्या, दोऱ्या ताणल्या, आणि कोबा केला. सपाट करायची लांब पट्टी ओढत ओढत तो मागे सरकायचा आणि एलिदा कडेला बसून बघायची. कोबा वाळायला ठेवला. मग त्यावर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवला. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब धरले होते. म्हणजे ओल आहे. दार्दो निरोप पाठवत होता की चालेल, बसव. विल्मारने बसवलं नाही. आणखी थांबला. पुन्हा प्लास्टिक लावलं, पुन्हा काढलं, तोपर्यंत की आतून हात फिरवला तरी कोरडा. उंबऱ्यापाशी थोडा फुगवटा होता, तो घासून काढला. कोपऱ्यातला खळगा मसाल्याने भरला. शेवटी त्या जमिनीवर ती लांब पट्टी कशीही ठेवा, खाली नख जात नव्हतं. मी वाकून बघितलं आहे.

आईला सांगायचं की नाही, यावरून त्या दिवसांत नवरा-बायकोत तंटा चालला होता. विल्मार म्हणत होता, नको. तिला काय मिळणार? आपल्या पोरांनी विनाकारण नाक धरलं, हेच ना? एलिदा म्हणाली, "ती तिथेही रोज दोनदा आंघोळ मागते. बाया कंटाळतात, तरी मागते." मग विल्मार म्हणाला, सांग.

एलिदाने सांगितलं तेव्हा म्हातारी पत्ते पिसत होती. पिसतच राहिली. "म्हणजे मी नव्हते," एवढंच म्हणाली. डाव वाटला, खेळून संपवला, हरली. मग म्हणाली, "रविवारी दार्दोला पाठव."

त्या रविवारी मीही आश्रमात होते, माझी मावशी तिथे असते. जेवणाच्या मोठ्या खोलीत सगळे भेटायला बसतात. टेबलांवर रेक्झीन, उकडलेल्या भोपळ्याचा वास, कोणाचा तरी रेडिओ. दार्दो केकचा पुडा घेऊन आला आणि दुरूनच गालाला गाल लावल्यासारखं करून समोर बसला. पाइपवाल्याने फसवलं, वगैरे सुरू केलं. म्हातारीने ते ऐकून घेतलं.

"जवळ ये," ती म्हणाली.

तो खुर्ची ओढून सरकला.

"अजून. मान इथे आण. वास घे."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. कितीतरी वर्षं घेत होतास ना? आता घे."

साठीकडे झुकलेला, टक्कल पडलेला तो माणूस वाकला आणि आईच्या मानेशी नाक नेऊन श्वास घेतला.

"कसला येतो?"

"कसलाच नाही."

"नीट घे."

त्याने पुन्हा घेतला. "साबणाचा," तो म्हणाला.

"हं. आता रविवारी माझ्याकडे यायच्या त्या सगळ्यांच्या घरी जा. वास कुठून येत होता ते सांगून ये. मग माझ्याकडे ये. त्याआधी येऊ नकोस."

जातो म्हणाला. गेला नाही. शेवटी एलिदाच गेली, दार वाजवत. एक बाई ऐकून रडली. दुसरी म्हणाली, मी तर तेव्हापासून म्हणत होते की सेल्मिरा तशी नाही. तिने असं कधीच म्हटलं नव्हतं. तिनेच तर सबंध गल्लीत सांगितलं होतं की आता सेल्मिराकडे जाववत नाही. तो पोकळीतला खड्डा मी पाहिला होता, पण त्या बाईचं हे ऐकून मला जास्त किळस आली. ती अजून माझ्याकडून कुंड्यांसाठी वाळू नेते. मी मापून देते, बोलत नाही.

विल्मार सासूकडे एकटा गेला. काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्याने सरळ सांगितलं, की मीही तुमच्या हातचं घेणं बंद केलं होतं. ती म्हणाली, "मला दिसत होतं." तो थोडा वेळ बसला आणि उठून आला. त्यांची जुनी गट्टी पुन्हा जमली असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो अधूनमधून जातो. ती त्याला आश्रमातल्या बायांची नावं घेऊन घेऊन कोण किती गलिच्छ आहे ते सांगते, तो ऐकतो.

घरी परत चल, असं एलिदाने तिला दोनदा म्हटलं. खोली आता कोरडी आहे, वारा खेळतो. ती म्हणाली, भिंतीपलीकडे दार्दो आहे. ती आली नाही. पट्ट्या बसवायला दार्दोने नदीपलीकडून दुसरा माणूस आणला. विल्मारने त्यांना हात लावला नाही. दातांचा डॉक्टर आता तिथे बसतो. लोक सांगतात, खोली छान आहे, चालताना पाय वाजत नाही. बहीण-भाऊ आईच्या औषधांपुरतं बोलतात.

आणि विल्मार अजून तसाच आहे. परवाच येऊन सांगत होता की एका बेकरीच्या लिनोलियमखाली आंबलेल्या पिठाचा थर निघाला, बोटभर जाड, आणि त्यात अळ्या. सांगताना तोंड तसंच. फक्त एक झालंय. कुठलंही काम घेताना तो आता आधी आत जात नाही. बाहेरून घराला चक्कर मारून जाळ्या बघतो, मग मालकाला विचारतो की या खोलीत कोण झोपतं. गेल्या आठवड्यात एका गृहस्थाला त्याचा राग आला. तुला काय करायचंय, म्हणाला, आणि काम दुसऱ्याला दिलं. विल्मारने वखारीत येऊन त्या कामासाठी सांगितलेली वाळू रद्द केली, आणि मी ती टेम्पोतून परत उतरवून घेतली.